डब्यातलं तेल माझ्या इंजिनचं नव्हतं

सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंप) असलेली गाडी तुमच्याकडे असेल आणि एखाद्या चकाचक दुकानात कोणी इंजिनात हवा नेणारा इनटेक पाइप काढून, बोटाला तेल लावून दाखवत ‘ऑइल कॅच कॅन (तेलाची वाफ अडवणारा डबा) बसवा, नाहीतर इंजिन गेलं’ म्हणाला, तर पैसे देण्याआधी माझं एवढं वाचा. माझे ५४,५०० रुपये त्यात गेले आणि मूळ दुखणं व त्यांनी केलेलं निस्तरायला मिळून आणखी ४१,३०० लागले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. दुकान कोल्हापुरातलंच आहे.

माझा गुळाचा व्यापार आहे, मार्केट यार्डात पेढी आहे. गाडी मर्सिडीझ सी २०० कॉम्प्रेसर, २००९ ची, जुनीच घेतलेली. १७९६ सीसी, चार सिलिंडर, पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर, १८४ हॉर्सपॉवर. वडिलांना या गाडीत बसवून जोतिबाला नेलं, तो दिवस मी विसरणार नाही. ती गाडी माझ्यासाठी काय आहे हे कळावं म्हणून सांगितलं. तिचं इंजिन जाणार असं कोणी म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला आणि त्या माणसाला तेच हवं होतं.

गेल्या उन्हाळ्यात गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरायला लागली. दाभोळकर कॉर्नरला तर एकदा बंदच पडली. बॉनेटखालून बारीक शीळ घातल्यासारखा आवाज यायचा आणि चेक इंजिनचा दिवा लागलेला. ओळखीच्या एकानं हे दुकान सुचवलं. काचेचं ऑफिस, भिंतीवर रेसिंगच्या गाड्यांची पोस्टर, आत एसी. स्कॅनर लावला तर मिश्रण पातळ असल्याचा कोड आला, म्हणजे पेट्रोलच्या मानानं हवा जास्त. त्याबद्दल दुकानातला पोरगा एक अक्षर बोलला नाही. त्यानं इनटेकचा पाइप काढला, आत बोट फिरवलं, तेलकट बोट माझ्यासमोर धरलं आणि मोबाइलवर काजळीनं गच्च भरलेल्या व्हॉल्व्हचे फोटो दाखवले. “शेठ, सुपरचार्जर तेल पितोय. जाम झाला तर तीन लाख. बाहेरच्या देशात सुपरचार्ज गाडीला कॅच कॅन कंपल्सरी असतोय.”

यातलं खरं किती, खोटं किती, ते आता मला कळतं. तेव्हा कळत नव्हतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

कुठल्याही इंजिनात पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा जळालेला गॅस खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतोच. त्याच्याबरोबर तेलाची वाफ, पेट्रोलची वाफ आणि पाण्याची वाफ असते. तो गॅस बाहेर काढला नाही तर आत दाब साठतो. १९६० च्या दशकापर्यंत गाड्या तो सरळ रस्त्यावर सोडायच्या. पुढे प्रदूषणाचे नियम आले, तेव्हापासून ब्रीदर पाइपानं तो परत इनटेकमध्ये ओढून जाळला जातो. त्यामुळे इनटेक पाइपात तेलाचा पातळ ओशटपणा असणं हे रोग नव्हे. वापरातल्या जवळपास प्रत्येक गाडीत बोट फिरवलं तर बोट ओशट होईल.

सुपरचार्जरच्या गाडीत हा मार्ग दुहेरी असतो. ॲक्सिलरेटर हलका असताना मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमध्ये, व्हॅक्यूम असतो, तेव्हा गॅस तिकडे ओढला जातो. जोर दिला की मॅनिफोल्डमध्ये उलट दाब तयार होतो, तेव्हा एक वन-वे व्हॉल्व्ह ती वाट बंद करतो आणि गॅस सुपरचार्जरच्या अलीकडच्या पाइपात जातो. कॅच कॅन म्हणजे या वाटेवर बसवायचा डबा. त्यात जाळी किंवा आडवे पडदे असतात. वाफ त्यांच्यावर आदळते, थंड होते, तेल खाली थेंबाथेंबानं साठतं आणि कोरडी हवा पुढे जाते. कल्पना चांगली आहे, वस्तू खोटी नाही.

पण मला दाखवलेले काजळीचे फोटो डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांचे होते. त्या इंजिनात पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये उडतं, इनटेक व्हॉल्व्हला पेट्रोलचा थेंब लागत नाही, म्हणून तेलाची वाफ त्यावर भाजून काजळी धरते. माझ्या इंजिनात इंजेक्टर व्हॉल्व्हच्या अलीकडे आहेत, याला पोर्ट इंजेक्शन म्हणतात; पेट्रोल व्हॉल्व्हवर पडून ते धुतच राहतं. म्हणजे फोटोतला आजार माझ्या गाडीला तसा होणारच नव्हता. सुपरचार्जर जाम होण्याची भीती तर त्याहून खोटी. सुपरचार्जरच्या गिअरना स्वतःचं वेगळं तेल असतं, स्वतःच्या बंद खोलीत. इंजिनच्या वाफेचा आणि त्या तेलाचा काही संबंध नाही.

किंमत सांगितली ३८,५००. बिल नको असेल तर ३६,००० रोख. मी रोख दिले. आयुष्यभर सौद्यात हिशेबपट्टीशिवाय पैसा न देणारा मी तिथं बिल न घेता बाहेर पडलो, याचं मला आजही वाईट वाटतं.

डबा बसला, थरथर गेली नाही. “सिस्टीम सेट व्हायला आठ दिवस लागतील,” असं सांगितलं. आठ दिवसांनी गेलो तेव्हा पोरानं माझ्यासमोर डबा उघडला आणि काचेच्या ग्लासात ओतला. जवळजवळ ३०० मिली तेल. “बघा शेठ, हे सगळं इंजिनात जात होतं.” ते बघून मी हबकलो. तिथल्या तिथं ४,५०० रुपये सर्व्हिसिंगचे दिले आणि १४,००० ‘ब्रीदर किट’चे, तेवढे मात्र फोनवरून. त्यांनी मॅनिफोल्डकडे जाणारी एक लाइन बंद करून टाकली, म्हणे आता तेल वर जायचा प्रश्नच नाही.

आणि खरंच थरथर थांबली. मी चार जणांना ते दुकान सुचवलं. त्यातल्या दोघांनी तिथं पैसे घातले. हे लिहिण्याचं मोठं कारण तेच आहे.

ग्लासातल्या तेलाचा रंग मात्र डोक्यातून जाईना. आमचा धंदा रंगाचा आहे. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडला की रंगावरून सांगता येतं, हायड्रोस नावाचं रसायन मारून पिवळा केलाय का जातिवंत आहे. ते तेल काकवीसारखं स्वच्छ, सोनेरी, पारदर्शक होतं. वास नवीन तेलाचा. मी घरी येऊन डिपस्टिक ओढली. गाडीतलं तेल सहा हजार किलोमीटर चाललेलं, काळं. आणि पातळी वरच्या खुणेला, जिथं महिन्यापूर्वी होती तिथंच. आठ दिवसांत गाडी २१० किलोमीटर चालली होती. तेवढ्यात ३०० मिली गेलं असतं तर हजार किलोमीटरला जवळपास दीड लिटरचा हिशेब होतो. मग डिपस्टिकवर ते दिसायला नको? तरी मी गप्प बसलो, कारण गाडी नीट चालत होती आणि आपल्याला यंत्रातलं काय कळतं असं वाटलं.

श्रावणात घरची सगळी वैभववाडीला पाहुण्यांकडे गेलो होतो. परत गगनबावड्याचा घाट चढताना तेल जळल्याचा वास आला. पाऊस असा की वायपरला दम नाही. वर येऊन थांबलो तर बॉनेटमधून पांढरट धूर, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून तेल ओघळून एक्झॉस्टवर पडत होतं आणि गाडीखाली गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी थेंब. गाडीत आई होती, पोरं होती. पन्नासेक किलोमीटर गाडी टो करून आणली. गरम एक्झॉस्टवर तेल पडून पेट घेतला असता तर, हा विचार त्या रात्री झोपू देत नव्हता.

गाडी उद्यमनगरात एका मेस्त्रीमामांकडे नेली. जुने नावाजलेले कारागीर म्हादबा मेस्त्री यांचं नाव आजही आदरानं घेणारी ती कारखान्यांची पेठ. लेथचा आवाज, वंगणाचा वास, एसी नाही, पोस्टर नाही. मामांनी आधी स्कॅनर लावला नाही. इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण काढलं, माझ्या खिशातली गुळाची एक जुनी हिशेबपट्टी मागितली आणि त्या तोंडावर ठेवली. कागद फडफडून उडाला.

“बघितलासा? आत दाब हाय. इंजिनाला श्वासच घ्यायला जागा ठेवली न्हाई कुणी.”

मग त्यांनी वरचं एकेक खोललं. मॅनिफोल्डखालून ब्रीदरची रबरी नळी काढली. ती उष्णतेनं कडक होऊन कोपऱ्यात चिरली होती, नखानं दाबली तर चीर तोंड उघडायची. या इंजिनाची ती ठरलेली दुखणी जागा आहे. तिथून बिनमोजलेली हवा आत शिरत होती, म्हणून पातळ मिश्रणाचा कोड, म्हणून शीळ, म्हणून थरथर. दुकानवाल्यांनी मॅनिफोल्डच्या तोंडाला लाइन बंद केली तेव्हा ती हवा थांबली आणि थरथरही थांबली. पण गॅस बाहेर जायची पहिली वाट त्याच बुचानं कायमची बंद झाली. दुसरी वाट डब्यातून होती. तिथं त्यांनी साधी पाण्याची रबरी नळी लावली होती. तेलानं ती फुगून मऊ झाली आणि वळणावर बसून चपटी झाली. मामांनी ती बोटांत धरली तर ओल्या चामड्यासारखी लिबलिबीत. दोन्ही वाटा बंद झाल्यावर दाब ऑइल सील आणि पॅकिंगवर गेला आणि तिथून तेल फुटलं.

शेवटी मामांनी डबा व्हाइसमध्ये धरला आणि हॅक्सॉनं मधोमध कापला. आत काही नाही. जाळी नाही, पडदा नाही, स्टील वूल नाही. वर समोरासमोर दोन नळ्या, एकीतून आलेली वाफ सरळ दुसरीतून बाहेर. बाहेरून निळं ॲनोडाइझिंग आणि परदेशी नावाचा स्टिकर. असले रिकामे डबे ऑनलाइन हजार-दीड हजाराला मिळतात, असं मामा म्हणाले. तळाशी साठलं होतं ते चमचाभर, गढूळ, दुधाळ चहाच्या रंगाचं, पेट्रोलचा उग्र वास असलेलं. “खरं कॅच कॅनमधलं असं असतंय शेठ. पाणी, पेट्रोल, तेल सगळं मिसळल्यालं. सोनेरी तेल फक्त नव्या तेलाच्या कॅनमधनं ओतल्यावरच निघतंय.” म्हणजे ग्लासात दाखवलेलं तेल त्यांनी आधीच डब्यात ओतून ठेवलं होतं.

मामांनी कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासला, चारही सिलिंडर सारखे. रिंगा ठणठणीत. मूळ दुखणं, म्हणजे चिरलेली नळी आणि वन-वे व्हॉल्व्ह, मजुरीसकट ११,८०० रुपयांचं होतं. नळी स्वस्त, तिच्यापर्यंत हात पोचवायची मजुरी जास्त. बाकीचे २९,५०० मागचं ऑइल सील, पॅकिंग, गिअरबॉक्स उतरवणं आणि नवीन तेल यांचे. ते सगळे दुकानवाल्यांच्या कामामुळे.

मग कॅच कॅन लागतो का, हे मी मामांना सरळ विचारलं. ते म्हणाले, कंपनीतून आली तशी, रोज रस्त्यावर चालणारी, पोर्ट इंजेक्शनची सुपरचार्ज गाडी असेल आणि ब्रीदर शाबूत असेल तर नाही, कारण तेल वेगळं करायची सोय कंपनीनं इंजिनातच दिलेली असते. सुपरचार्जरची पुली लहान करून बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वाढवलाय, ट्रॅकवर तासन्‌तास पूर्ण जोरात पळवताय, किंवा इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं आहे, तर उपयोग आहे. इनटेकमध्ये तेलाची वाफ जास्त गेली की पेट्रोलची नॉकिंग (अवेळी पेटून बसणारे ठोके) सोसायची ताकद घटते, कंप्युटर ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि पिकअप पडतो, हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला आतून तेलाचा थर बसतो. ज्यानं ताकद वाढवलीय त्याला ते परवडत नाही. पण मग डबा आत पडदे असलेला हवा, नळी तेल सोसणारी हवी, वाट बंद न करता बसवलेला हवा आणि वरचेवर रिकामा करायला हवा. आणि डबा खरंच भराभर भरत असेल तर दुखणं रिंगांमध्ये आहे, डबा ते फक्त झाकतो.

म्हणून कोणी डबा विकायला आला तर आधी कंप्रेशन टेस्ट आणि ब्रीदरची स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) मागा. डबा बसवण्याआधी आतून उघडून दाखवायला सांगा. बसवलाच तर त्या दिवशी डिपस्टिकचा फोटो काढा आणि डबा पहिल्यांदा स्वतःच्या हातानं, स्वतःच्या दारात रिकामा करा. काही झालं तरी जीएसटीचं बिल घ्या.

मी बिल घेतलं नव्हतं, तरी हात टेकले नाहीत. १४,००० फोनवरून गेले त्याची नोंद आहे, त्यांचे ‘इम्पोर्टेड कॅच कॅन’ म्हणणारे मेसेज आहेत, मामांनी काढलेले फोटो आहेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी बोललो, मग दुकानाला वकिलाची नोटीस दिली. उत्तर आलं नाही, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. मी ज्यांना ते दुकान सुचवलं होतं त्या दोघांकडे स्वतः जाऊन सगळं सांगितलं. एकाचा डबा मामांनी कापला, तोही आतून रिकामा निघाला. त्याची लाइन मात्र अजून बंद केलेली नव्हती, म्हणून इंजिन वाचलं.

काम झाल्यावर मामांनी गाडी चालू करून तीच हिशेबपट्टी पुन्हा तेलाच्या तोंडावर ठेवली. या वेळी कागद हलकेच आत ओढला गेला आणि तिथंच चिकटून राहिला. कापलेल्या डब्याचे दोन्ही तुकडे माझ्या पेढीवर काट्याशेजारी ठेवले आहेत. ज्याला अशा डब्याचा दर सांगितला गेलाय, त्यानं यार्डात येऊन ते हातात घेऊन बघावेत.