बाह्यग्रह टिपायचाय: डीएसएलआर पुरेल की दुर्बीण घ्यायची?

बाह्यग्रह म्हणजे दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह. त्याचा ठिपका दिसेल असा फोटो गच्चीवरून मिळत नाही, हे आधीच सांगतो. २००८ साली एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीचे ग्रह दिसले ते केक आणि जेमिनी या महाकाय दुर्बिणींना. केकचा आरसाच १० मीटरचा. आपल्या हाती अधिक्रमण आहे: ग्रह समोरून जाताना ताऱ्याचा उजेड किती घटतो, ते शेकडो फोटोंतून मोजायचं.

कॅमेरा घरात असेल तर २०० मिमी लेन्स आणि छोट्या ट्रॅकरवर (आकाशाच्या गतीनं कॅमेरा फिरवणारं यंत्र) भागतं. लक्ष्य मात्र जवळजवळ ठरलेलं: जंबुक तारकासमूहातला एचडी १८९७३३ हा तारा, डंबेल तेजोमेघाला खेटून. प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) ७.७, उजेडातली घट साधारण २.४ टक्के, अधिक्रमण पावणेदोन तासांचं, दर २.२ दिवसांनी. फोकस मुद्दाम किंचित सोडा, फाइल रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) ठेवा, मोजणी हिरव्या चॅनेलवर करा. इथं लेन्स दुर्बिणीपेक्षा सरस ठरते, कारण तुलनेला लागणारे ठळक तारे एकाच फ्रेममध्ये येतात. खोट एवढीच की हा तारा मध्यरात्री माथ्यावर येतो तो ऐन पावसाळ्यात. उरतात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी आणि एप्रिल-मेच्या पहाटा. त्यातही उन्हाळ्यात धूळ.

आठ इंची दुर्बीण, मोनो सीमॉस (कृष्णधवल सेन्सरचा) कॅमेरा आणि दणकट विषुववृत्तीय माउंट (आकाशाच्या गतीनं दुर्बीण फिरवणारी बैठक) म्हटलं की खर्च लाखांत जातो. पण मग मंद तारेही आवाक्यात येतात आणि आपला कोरडा हिवाळा कामी येतो. देवयानी तारकासमूहातला हॅट-पी-३२ हा तारा घ्या: प्रत ११.३, घट २ टक्क्यांहून थोडी जास्त, अधिक्रमण तीन तासांचं. आधीनंतरचा एकेक तास धरला की पाच तास सलग वीज हवी. शेतावर जाणार असाल तर १२ व्होल्टची बॅटरी खर्चातच धरा. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या बाजूचं आकाश सोडून द्या. बालाघाटावरचा एखादा माळ बरा.

ट्रॅकर असो की माउंट, त्याचा अक्ष नीट लावायला ध्रुवतारा लागतोच, आणि लातूर-नांदेडहून तो जेमतेम १८-१९ अंशांवर. उत्तरेला लिंबाचं झाड असेल तर जागा बदला.

माझं मत विचाराल तर पहिलं अधिक्रमण डीएसएलआरवरच घ्या. त्यानंतरही हौस टिकली तर पैसे आधी माउंटमध्ये घाला, नळी नंतर. चार मित्रांनी मिळून घेतलं तर उत्तमच. मोजणीचं ॲस्ट्रोइमेजजे हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि उजेडाच्या घटीचा आलेख म्हणजे वक्र नीट आला तर एएव्हीएसओ या हौशी निरीक्षकांच्या संस्थेच्या बाह्यग्रह नोंदींत तो पाठवता येतो, मग तो लेन्सनं घेतलेला असो की दुर्बिणीनं.