सरदार सरोवर: बडोद्याहून जायचं तर कधी?

नर्मदेवरचं हे धरण बडोद्याहून साधारण ९० किलोमीटर. सोमवार टाळा, जवळचा सरदार पटेलांचा पुतळा (स्टॅच्यू ऑफ युनिटी) आणि त्यातली वरची गॅलरी बंद असते. सांडवा, म्हणजे जादा पाणी सोडायचा धरणाचा भाग, वाहताना बघायचा असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर, तेही आदल्या दिवशी पातळी आणि दरवाजे उघडलेत का ते बघूनच. सांडव्याचा माथा १२१.९२ मीटरवर, त्यावर ३० वक्र दरवाजे, पूर्ण पातळी १३८.६८. म्हणजे मागे सरोवर काठोकाठ असलं तरी दरवाजे बंद असतील तर समोर नुसती कोरडी भिंत! पुष्कळ जण इथेच हिरमुसतात.

नदीपात्राचं वीजघर जमिनीखाली आहे: २०० मेगावॉटचे सहा संच. कालव्याच्या तोंडाशी ५० चे पाच. विजेत मध्य प्रदेशचा वाटा ५७ टक्के, महाराष्ट्राचा २७, गुजरातला १६च.

पूरनियंत्रणाचं कौतुक मात्र जपून करावं. सप्टेंबर २०२३ मध्ये भरलेल्या धरणावर वरून लोंढा आला आणि सोडलेलं पाणी खाली नदीकाठच्या भरूच-अंकलेश्वरात शिरलं.

बोट धरणाच्या खालच्या बाजूला, पुतळ्याजवळ चालते. तिच्यातून सरोवर दिसत नाही. गॅलरीचं तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं, तेव्हा ऑनलाइन आधीच काढा.