आईचं केअर होम, अकरा महिन्यांनंतर

पहिल्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर मी पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले असते. ऑगस्टमध्ये एकही दिला नसता. आता अकरा महिने झालेत, आई अजून तिथेच आहे आणि मी साडेतीन देते. हे तारे असे वर-खाली का झाले ते जरा सविस्तर लिहिते. मी जागा शोधत होते तेव्हा वाचायला मिळायचं ते एवढंच : स्टाफ प्रेमळ, परिसर निसर्गरम्य, जेवण घरच्यासारखं.

संस्थेचं नाव लिहीत नाही. आई तिथे राहते आणि तिला रोज आंघोळ घालणारी माणसं तीच आहेत. पुण्यापासून गाडीने पाऊण तास, तीन मजली इमारत, चाळीसच्या आसपास आजी-आजोबा. आई ८३ वर्षांची, मूळची सांगलीची. खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकरने चालते, आणि विस्मरण सुरू झालंय. माणसं ओळखते, वेळ ओळखत नाही. संध्याकाळी पाचनंतर तिला "घरी" जायचं असतं. कुठल्या घरी, ते रोज वेगळं. घरी दोन पाळ्यांना बायका ठेवून बघितल्या, वर्षभरात सात बदलल्या. "मुलगी गावात असून आईला ठेवलं" हे नातेवाइकांकडून ऐकून झालंय, तेव्हा तो विषय इथे नको.

आधी पैसे. ठरले होते महिना ४२ हजार, दोघींची खोली. प्रत्यक्षात बिल ५१ ते ५४ हजार येतं, कारण डायपर, फिजिओथेरपी, डॉक्टरांची भेट, लाँड्रीतला "विशेष धुलाई" नावाचा एक प्रकार, सगळं वेगळं. शिवाय जीएसटीची ओळ. मला वाटत होतं वृद्धाश्रमांना तो माफ असतो. ती सूट सरकारी किंवा धर्मादाय नोंदणी असलेल्या संस्थांना आहे, तीही राहणं-खाणं धरून महिना २५ हजारांपर्यंतच. खासगी जागा बघत असाल तर मागच्या महिन्याचं कुणाचं तरी खरं बिल (नाव झाकून) दाखवायला सांगा. दरपत्रक बघून काही कळत नाही.

जागा ठरवताना मी काय बघितलं? फरशी, बाग, स्वयंपाकघर, खोलीत येणारं ऊन. लॉबीत गणपती आणि मत्स्यालय. माझी भाची इंग्लंडमध्ये लेस्टरला एका केअर होममध्ये नर्स आहे. तिने व्हिडिओ कॉलवर हे सगळं बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मावशी, रात्री जागं कोण असतं?" मी म्हटलं, असेल की कुणीतरी. तिने डोळे फिरवले.

तिच्याकडे 'केअर क्वालिटी कमिशन' म्हणून सरकारी नियामक आहे. त्यांचे लोक तपासणीला येतात आणि पाच गोष्टी बघतात : माणूस तिथे सुरक्षित आहे का, देखभालीचा उपयोग होतोय का, मायेने वागवतात का, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे बदल करतात का, आणि कारभार नीट चालतो का. त्यावरून उत्कृष्ट, चांगलं, सुधारणा हवी, अपुरं अशी श्रेणी मिळते. ती दर्शनी जागी लावावीच लागते आणि अख्खा अहवाल कुणालाही वाचता येतो. म्हणून तिकडे सगळं आलबेल आहे असं नाही. माणसं कमी, काम जास्त हे तिचंही रडगाणं आहेच. पण निदान वाचायला काहीतरी असतं.

आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. त्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान दीडशे जणांचा वृद्धाश्रम असावा असं म्हटलंय, आणि वृद्धाश्रमांतल्या सोयींचे मापदंड राज्य सरकारला ठरवता येतील असंही. महिना पन्नास हजार घेणाऱ्या जागेच्या दारावर मात्र मला कुठलीही श्रेणी दिसली नाही. मी बघितलेल्या सहापैकी एकाही ठिकाणी नाही. मग आपणच तपासनीस.

प्रवेशाच्या कागदांत सातव्या पानावर एक ओळ होती : "सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास रुग्णास बांधून ठेवण्यास संमती." मी ती खोडली. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, मग पडल्या तर जबाबदारी आमची नाही." मी म्हटलं, बांधायचं नाही आणि पडूही द्यायचं नाही, त्याचेच पैसे देतेय ना? ते हसले. मीही हसले. तेव्हा विषय तिथेच संपला.

आता चांगलं, कारण ते खरोखर चांगलं आहे. मे महिन्यात एका दुपारी सिस्टरचा फोन आला. "आजी आज नेहमीसारख्या बोलत नाहीयेत. ताप नाही, बीपी ठीक आहे, पण काहीतरी वेगळं आहे." मी म्हटलं, विस्मरण वाढलं असेल. त्या म्हणाल्या, "विस्मरण असं एका दिवसात वाढत नाही, ताई." रक्त तपासलं तर सोडियम १२१. १३५ च्या वर हवं असतं. बीपीच्या गोळीतलं लघवी वाढवणारं औषध आणि उन्हाळा, दोन्ही एकत्र आलं होतं. चार दिवस हॉस्पिटलात काढून आई पुन्हा पहिल्यासारखी भांडायला लागली. म्हातारं माणूस एकाएकी बरळायला लागलं तर सोडियम आणि लघवीतला जंतुसंसर्ग आधी बघायचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. घरी असती तर मी "वय झालं" म्हणून दोन दिवस घालवले असते, हे मान्य करते.

जेवणाबद्दल तक्रार नाही. मऊ भात, वरण, एकादशीला वरीचे तांदूळ. एकदा आईचं वजन तीन महिन्यांत ४६ वरून साडेत्रेचाळीसवर आलं. ते कळलं कारण तिथे दर महिन्याला वजन करून लिहितात. कारण निघालं कवळी. धुताना शेजारच्या आजींची आणि आईची अदलाबदल झाली होती आणि दोघी कशाबशा चावत होत्या. आता दोन्ही डब्यांवर नेलपॉलिशने खुणा केल्यात. आईची लाल.

आता जुलै. तीस तारखेला सकाळी साडेआठला फोन : आई पहाटे बाथरूमपाशी पडली, पण काळजीचं कारण नाही. मी पोचले. कपाळावर टेंगूळ, मनगट सुजलेलं, एक्स-रेत बारीक फ्रॅक्चर. पावणेसहाला चहा घेऊन आलेल्या मावशींना ती जमिनीवर सापडली होती. कपडे ओले आणि अंग गार. किती वेळ पडली होती ते आईला सांगता येईना. मी रात्रीची वही मागितली. दर दोन तासांनी फेरी मारून प्रत्येकीपुढे लिहायचं असा त्यांचा नियम आहे. बारा वाजता : शांत झोप. दोन वाजता : शांत झोप. चार वाजता : शांत झोप. एकच पेन, एकच हात, एकाखाली एक. त्याखाली सहा वाजताच्या रकान्यातही "शांत झोप" लिहून झालं होतं. आई सहाच्या आधीच जमिनीवर सापडली होती.

मॅनेजरांचं पहिलं वाक्य होतं, "म्हातारपणी माणूस पडायचंच." दुसरं, मी ती ओळ खोडली होती त्याबद्दल. तिसरं, रात्री झोपेची गोळी सुरू करू या. गोळीच्या गुंगीत उठलेलं माणूस जास्त पडतं, आणि पलंगाचा कठडा ओलांडून पडलं तर आणखी उंचावरून पडतं, हे हाडांच्या डॉक्टरांनी मला आदल्या वर्षीच बजावून ठेवलं होतं. मी नाही म्हटलं.

त्या आठवड्यात मी आईला घरी आणायचं ठरवलंच होतं. मग त्या रात्रीच्या मुलीशी बोलले. तेवीसची असेल, यवतमाळकडची. रडत होती. रात्री आठ ते सकाळी आठ, दोन मजले, सव्वीस जणी आणि ती एकटी. दुसरी मुलगी गावी गेली होती, तिच्या जागी कुणीच नव्हतं. त्यात एका आजींना उलट्या होत होत्या, ती तीन तास त्यांच्यापाशी होती. फेरी झाली नाही असं लिहिलं तर पगार कापतात, म्हणून चारही रकाने मध्यरात्रीच भरून टाकले. तिच्यावर चिडायचं ठरवून गेले होते, जमलं नाही.

तेव्हापासून मला ही जागा कळायला लागली. दिवसा अकरा वाजता, नातेवाइकांच्या भेटीच्या वेळी, तिथे अकरा-बारा माणसं हिंडत असतात. रात्री तीनला किती असतात त्यावर आईचं मनगट अवलंबून. आणि खोटं लिहिल्याशिवाय पगार वाचत नसेल तर वही कितीही सुबक असो, रद्दी.

आम्ही नऊ घरांनी मिळून मालकांना पत्र दिलं. एकट्याने भांडून काही होत नव्हतं. नऊ बिलं एकदम जायची वेळ आली तेव्हा मीटिंग लागली. (आजी-आजोबांच्या मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आधीपासून होता. त्यात तोवर फक्त सुप्रभात चालायचं.) ठरलं ते असं : रात्री प्रत्येक मजल्यावर एक मुलगी आणि शिवाय एक सिस्टर, सुट्टीवर कुणी असेल तर बदली माणूस. फेरी चुकली तर तसं लिहायचं, पगार कापायचा नाही. वही ऑफिसात नको, पलंगाशी टांगायची. पडल्यापासून एका तासात घरी फोन. बाथरूमपर्यंत रात्रभर जळणारा दिवा, आणि आईची खोली तळमजल्यावर. महिना अडीच हजार वाढले. दिले.

त्याच मीटिंगमध्ये एका आजोबांच्या मुलाने फॉर्म बी मागितला. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत घ्यायचं असतं. आमच्याकडे ते दीड वर्षापूर्वीचं निघालं. सिलिंडर भिंतीवर होते, लाल आणि चकचकीत. डिसेंबर २०११ मध्ये कोलकात्यातल्या एका खासगी रुग्णालयात तळघरातून धूर वर चढला आणि नव्वदच्या आसपास माणसं गेली, त्यात अंथरुणावरचे रुग्ण पुष्कळ होते. आमच्या तिसऱ्या मजल्यावर सात जण उठून बसूही शकत नाहीत. लिफ्टमध्ये स्ट्रेचर तिरकं केल्याशिवाय मावत नाही. यंत्रणा दुरुस्त झाली, नवा फॉर्म बी सप्टेंबरमध्ये आला. लिफ्टचं काही झालेलं नाही आणि होईल असं वाटत नाही. दीड तारा तिथे कापलाय.

एक सांगते, नवीन जागा बघायला जाणार असाल तर संध्याकाळी साडेसातला जा. आठला पाळी बदलते. जाणारी येणारीला काय सांगते ते उभं राहून ऐका. "सगळं ठीक" एवढंच म्हणून ती पर्स उचलत असेल तर मत्स्यालय बघायची गरज नाही. डिपॉझिट परत किती दिवसांत मिळतं ते लेखी घ्या. कुठल्याही जागी काही भयंकर दिसलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

ती यवतमाळची मुलगी अजून आहे, आता फक्त तळमजला बघते. परवा सकाळी गेले तेव्हा आई झोपली होती. पलंगाशी टांगलेली वही उघडली. अक्षर गिचमिड, वेळा वेड्यावाकड्या. "१२.२० झोप. २.०५ कूस बदलली. ३.४० आजी जाग्या, सांगलीची गाडी कधी आहे विचारतात. सकाळी आहे म्हटलं. पाणी अर्धा गलास. बसलो. ४.३० झोप."