कथावाचनाच्या बैठकीसाठी गूगल मीट : 60 मिनिटांत मावेल ती कथा
लातूर, परभणी, हिंगोली आणि अंबाजोगाई येथे विखुरलेल्या आम्हा वाचकांना दर पंधरवड्याला एका ठिकाणी जमणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही कथावाचनाची अनौपचारिक बैठक गूगल मीटच्या विनामूल्य सेवेवर सुरू केली. या सेवेत 100 जणांना सहभागी होता येते. मात्र तिघे किंवा त्याहून अधिक जण असल्यास बैठक 60 मिनिटांनी संपते. झूमच्या विनामूल्य सेवेत ही मर्यादा 40 मिनिटांची आहे, आणि आमची निवड या फरकावरच ठरली. अडीच हजार शब्दांची कथा सावकाश, संवादांना न्याय देत वाचली तर 20 ते 25 मिनिटे लागतात. उरलेल्या वेळात प्रत्येकाला बोलता आले नाही, तर असे मंडळ काढण्याला अर्थ राहत नाही.

दीर्घकथेला मात्र हा वेळ पुरत नाही. हरिभाऊ आपटे यांची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळाची कथा मराठवाड्यातील वाचकाला आजही आपली वाटेल, पण ती एका बैठकीत संपणारी नाही. आपटे 1919 मध्ये निवर्तले आणि आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपत असल्याने तिची प्रत सर्वांना पाठवता येते. हयात लेखकांच्या पुस्तकांची पाने मोबाइलवर टिपून गटात टाकणे मला सर्वस्वी गैर वाटते. परभणीचे आसाराम लोमटे यांचा, 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला ‘आलोक’ हा कथासंग्रह सदस्यांनी विकत घ्यावा किंवा ग्रंथालयातून आणावा.

वाचनाच्या वेळी सर्वांनी कॅमेरे बंद ठेवावेत, हे आग्रहाने सांगावेसे वाटते. त्यामुळे डेटा वाचतो आणि नेटवर्क क्षीण असलेल्या गावातही आवाज बराच सलग पोहोचतो. बैठक चालवणारा इतरांचा माइक बंद करू शकतो, पण तो पुन्हा सुरू करणे ज्याच्या त्याच्याच हाती असते. म्हणून ज्येष्ठ सदस्यांना हे आधी फोनवर समजावून द्यावे. विनामूल्य सेवेत ध्वनिमुद्रणाची सोय नाही. मला ही उणीव वाटत नाही, कारण आपले वाचन कायमचे साठवले जाणार नाही हे ठाऊक असले की नवखा वाचकही मोकळेपणाने, आपल्या बोलीच्या हेलासह वाचतो.

खरी उणीव हुंकाराची आहे. कथा सांगणाऱ्याला समोरून ‘हं’ मिळत राहिले तरच तिला लय सापडते, आणि सगळे माइक बंद असताना वाचणाऱ्याला आपण भिंतीशी बोलतो आहोत असे वाटू लागते. यावर उपाय म्हणून शांत खोलीत बसलेल्या एका श्रोत्याचा माइक सुरू ठेवावा आणि हुंकाराचे काम त्याच्याकडे सोपवावे. प्रत्येक बैठकीत हा मान वेगळ्या सदस्याला मिळाला, तर एरवी चर्चेत गप्प राहणारी माणसेही हळूहळू बोलती होतात.