येळ्ळूरच्या जुन्या घरात केलेले बदल : दहा महिने वापरल्यावर

गेल्या फेब्रुवारीत काम काढलं, मार्चअखेर संपलं. आता संक्रांत होऊन गेली. मधे अख्खा पावसाळा, गौरी-गणपती, भाताची सुगी हे सगळं या घराने बघितलं, म्हणून आता लिहायला बसले. काम झाल्या झाल्या लिहिलं असतं तर निम्मं चुकीचं लिहिलं असतं.

घर सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. पुढे सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि परसू. वर खानापूरची कौलं, मातीत रचलेल्या जाड भिंती, दारादाराला उंबरा. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, ७४ वर्षांच्या. आदल्या वर्षी श्रावणात न्हाणीत घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरात वॉकर आला. माजघराचं दार २६ इंची. तिथे वॉकर आडवा करायचा, पाच इंचांच्या उंबऱ्यावरून उचलून पलीकडे ठेवायचा आणि मग पाऊल टाकायचं. चार खोल्यांच्या घरात त्या दीड खोलीत राहू लागल्या होत्या. रोजच्या वापराचं सामान एक तर डोक्याच्या वर, नाहीतर पलंगाखाली.

गवंडी आणि सुतार यायच्या आधी आम्ही एक गोष्ट केली. आईंना खुर्चीवर बसवलं, मग वॉकर धरून उभं केलं आणि त्यांचा हात विनासायास जिथे पोचतो तिथे भिंतीवर खडूने रेघा ओढल्या. बसून ४६ इंच, उभ्याने ५५, आणि १८ इंचांच्या खाली वाकायचं नाही. पुढचं सगळं काम या तीन रेघांवर झालं. आमचा सुतार कामाला पक्का, दोन सूतही इकडेतिकडे होत नाही. पण त्याचं माप भिंतीचं असतं. माणसाचं माप आपणच द्यावं लागतं.

पहिली अडचण उंबऱ्याची आली. आतले उंबरे काढायला कुणाची हरकत नव्हती. पुढच्या दाराचा काढायचा म्हटल्यावर आई गप्प झाल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा याच उंबऱ्यावरचं माप त्यांनी ओलांडलं होतं, मीही ओलांडलं. शेवटी सुताराने उंबऱ्याचं लाकूड उभं चिरून त्याची वरची पट्टी जमिनीच्या पातळीला बसवली. सागवान तेच, रोजचं हळदकुंकू त्यावरच. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरच्या बाजूला चार इंचांची पन्हळ आणि तिच्यावर लोखंडी जाळी. जुलैत वारा सोप्याकडून होता तेव्हा दोनदा पोतं टाकावं लागलं, बाकी पाऊस बाहेरच राहिला.

पायऱ्यांऐवजी अंगणातून घरात चढायला जो उतार करायचा होता, त्याबद्दल मात्र गवंड्याशी बराच वाद झाला. आमचा जोता १४ इंचांचा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत उताराचं प्रमाण १:१२ आहे, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. त्या हिशेबाने १४ फूट हवेत आणि अंगणात सरळ तेवढी जागा नाही. तो म्हणाला, ‘अक्का, आठ फुटांत बसवतो, सगळे तसंच करतात.’ तसं केलं असतं तर वॉकर पुढे पळाला असता. मग सात फूट चढ, पाच फुटांचा सपाट टप्पा, तिथून काटकोनात वळून पुन्हा सात फूट, असं केलं. त्यात तुळशीजवळची मोगऱ्याची जाळी गेली. दोन्ही बाजूंना दांडा आहे आणि आई मधल्या टप्प्यावर थांबून श्वास घेतात. शहाबादी फरशी लावली नाही, खरबरीत सिमेंटवर आडव्या रेघा मारून घेतल्या. तरीही जुलैपासून शेवाळ धरलं. दर पंधरा दिवसांनी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासावं लागतं. एकदा माझ्याकडून राहून गेलं आणि मीच घसरले, म्हणून मुद्दाम सांगते.

न्हाणीचं काम सगळ्यांत काळजीने करायला हवं होतं आणि तिथेच आमची पहिली चूक झाली. हॉस्पिटलातून घरी आल्यावर घाईघाईने चिकटवायचे, हवेवर धरणारे दांडे आणले होते. एक दांडा दुसऱ्याच आठवड्यात आईंच्या हातात आला. नशिबाने मी शेजारी होते. ते कुणीही वृद्ध माणसासाठी लावू नयेत. मातीच्या भिंतीत नुसते स्क्रूही धरत नाहीत. आम्ही दांड्यांच्या जागी भिंत फोडून काँक्रीट भरलं, आठ दिवस पाणी मारलं आणि मग स्टेनलेस स्टीलचे दांडे बोल्टने आवळले. दांडा दीड इंच जाड आणि भिंतीपासून दीड इंच लांब, म्हणजे मूठ पूर्ण बसते आणि कोपर मागे अडकत नाही. बसवल्यावर ह्यांनी स्वतः सगळा भार टाकून लोंबकळून बघितलं. दहा महिन्यांत तसूभर हललेला नाही.

कमोड आणला तो १५ इंच उंच. आईंना त्यावरून उठताना मांडीत कळ यायची, म्हणून खाली अडीच इंचांचा ओटा करून घेतला. दार बाहेर उघडणारं केलं, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं. कडीही अशी की बाहेरून नाण्याने फिरवता येते. न्हाणीतला दिवा इन्व्हर्टरवर घेतला. पावसात लाइट जाते ती नेमकी रात्री दोनला.

आता सामान ठेवायच्या सोयी. ओट्याखाली पूर्वी दारं आणि आत खोल फळ्या होत्या. मागचा डबा काढायला पुढचे चार उतरवायचे. त्या जागी पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर केले. डाळी, पोह्यांचे डबे, तिखट-मसाले सगळं वरून दिसतं, आईंना विचारावं लागत नाही. तांदळाच्या ड्रॉवरला ४५ किलो पेलणारं चॅनेल, म्हणजे ड्रॉवर सरकायची पट्टी, लावलं, ते मख्खन चालतंय. डाळींच्या ड्रॉवरला पैसे वाचवायला हलकं चॅनेल घेतलं, ते गणपतीनंतर एका बाजूने खाली आलं आणि बदलावं लागलं. कोपऱ्यातलं फिरतं कपाट महाग पडलं. पातेली मागे पडतात आणि चाक अडतं. ते पैसे वाया गेले.

पण ओट्यातून बाहेर ओढायची एक फळी केली, २८ इंच उंचीवर, दोन फूट रुंद. खाली रिकामं ठेवलंय, खुर्ची आत सरकते. आई तिथे बसून भाजी निवडतात, तांदळातले खडे काढतात, संक्रांतीला तिळाचे लाडू त्यांनी तिथेच वळले. अपघातानंतर त्या स्वयंपाकघरात नुसत्या दारातून बघायच्या. आता सकाळी माझ्याआधी फळी ओढलेली असते. सगळ्या कामात मला एकच गोष्ट ठेवायला सांगितली तर मी ही फळी ठेवीन. तिला खर्च आला अठराशे रुपये.

प्लायवूडचा अनुभव कडू आहे. दुकानदाराने ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दिलेली सिंकखालची फळी ऑगस्टमध्येच फुगली. नंतर बघितलं तर शिक्का आयएस ३०३ चा, म्हणजे साध्या वापराचा. पाण्याजवळ आयएस ७१० चा, बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा), शिक्का हवा आणि तो फळी कापायच्या आधी आपल्या डोळ्यांनी बघायचा. आपल्याकडच्या पावसात शब्दावर विसंबून चालत नाही. पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटामागेही बुरशी आली. दोन इंच पुढे ओढल्यावर, मागच्या फळीला भोकं पाडल्यावर आणि आत कडुनिंबाचा सुका पाला ठेवल्यावर ती थांबली.

पलंगाबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते. सामान मावावं म्हणून आम्ही जमिनीपर्यंत बंद असलेला, वरची फळी उचलायचा बॉक्सपलंग घेतला. गाद्या, गोधड्या, सगळं आत गेलं, घर मोकळं झालं. पण आईंना उठताना फार त्रास होऊ लागला आणि महिनाभर कारण कळेना. फिजिओथेरपिस्ट ताईंनी बघितल्या बघितल्या सांगितलं. उठताना माणूस टाचा मागे घेतो, तिथे पलंगाची फळी आड येत होती. सुताराने खालच्या बाजूने पाच इंच उंच आणि पाच इंच खोल खाच कापून दिली. त्या दिवसापासून आई कुणाचा हात न धरता उठतात. आतलं सामान थोडं कमी झालं, होऊ दे.

माळा ठेवला, पण त्यावर वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूच: गौरींचे मुखवटे, आकाशकंदील, फराळाचे मोठे डबे. प्रत्येक खोक्यावर आईंनीच मोठ्या अक्षरांत नाव लिहिलंय. त्यांनी खालून सांगायचं आणि मुलाने काढून द्यायचं.

सगळा मिळून खर्च चार लाख साठ हजार झाला. त्यातले तीसेक हजार फिरत्या कपाटात, फुगलेल्या फळीत आणि हलक्या चॅनेलात गेले. दारं ३६ इंच करायला सर्वांत जास्त लागले, कारण मातीच्या भिंतीला टेकू देऊन वर नवं लिंटल टाकावं लागलं. पण आता वॉकर सरळ जातो, पुढेमागे व्हीलचेअर आली तरी जाईल.

परसूकडच्या दोन पायऱ्या अजून तशाच आहेत. पैसे संपले म्हणून ते काम राहिलं. आई मागच्या दाराशी उभ्या राहून लिंबाच्या झाडाला आलेली लिंबं मोजतात आणि मला तोडायला सांगतात. गवंड्याला मार्चचा शब्द दिलाय, पावसाच्या आत तिथेही उतार करायचा आहे.