वाफेचं मशीन वर्षभर वापरल्यावर: मोटर उत्तम, कपाने छळलं

सर्व्हिस सेंटरवाल्याने 'मोटर गेली, नवीन मशीन घ्या' असं सांगितलं आणि मोटर ठणठणीत निघाली, म्हणून हे लिहायला बसले आहे. मशीन किती वॅटचं, मिनिटाला किती औषध उडवतं, हे बॉक्सवर असतंच. घरात वर्षभर चालल्यावर काय होतं ते मात्र घेताना कुणी सांगत नाही.

आमच्याकडे नेब्युलायझर, म्हणजे हे वाफेचं मशीन, सासऱ्यांसाठी आहे. नानांचं सगळं आयुष्य धरणगावात कापसाच्या जिनिंगमध्ये गेलं, आता सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार आहे. डॉक्टरांनी दोन रेस्प्यूल, म्हणजे एका वेळच्या औषधाच्या प्लास्टिकच्या कुप्या, लिहून दिलेत. एक पाण्यासारखं स्वच्छ, दुसरं बुडेसोनाइड या स्टिरॉइडचं, दुधाळ. सकाळ-संध्याकाळ वाफ. वाफ म्हणतो, पण गरम काही नसतं. मोटर हवा दाबते, ती हवा औषध भरायच्या कपातल्या सुईच्या टोकाएवढ्या भोकातून जोरात निघते, औषध वर खेचते, ते वरच्या छोट्या टोपीवर आपटतं आणि त्याचं धुकं होतं. थेंब एक ते पाच मायक्रॉनचे असले तरच खाली फुफ्फुसात पोचतात, मोठे झाले तर घशातच बसतात. म्हणजे खरं काम ते भोक आणि ती टोपी करतात. मोटर फक्त हवा देते.

घेतल्यावर पहिले काही महिने माझी तक्रार आवाजाची होती. पहाटे मशीन लावलं की सगळं घर जागं. शिवाय लाईट गेली की बंद. चोपड्याला नणंदेकडे हातात मावणारं, सेलवर चालणारं, जाळीवालं मशीन आहे, अजिबात आवाज नाही. तेच घ्यायला हवं होतं असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होते. आता तसं म्हणत नाही. त्या जाळीला हजारो बारीक छिद्रं असतात, दुधाळ औषधाने ती भरत जातात आणि एकट्या जाळीची किंमत ऐकली तर तेवढ्यात आमचं जवळजवळ अख्खं मशीन येतं. ज्यांना फक्त स्वच्छ औषध घ्यायचंय किंवा फार प्रवास करायचाय त्यांनी ते जरूर घ्यावं. रोज दोन वेळा बुडेसोनाइड असेल तर आवाजवालंच बरं.

आता मुख्य दुखणं. जे औषध सात-आठ मिनिटांत संपायचं ते वीस मिनिटं झाली तरी कपात खळखळत राहायला लागलं. धुकं सुतासारखं बारीक. नाना दमून जायचे, मास्क बाजूला करायचे. वॉरंटी होती म्हणून बसने जळगावला मशीन घेऊन गेले. काउंटरवरच्या माणसाने बटण दाबलं, बघितलं, म्हणाला, "ताई, मोटर वीक झाली. हे दुरुस्त होत नाही, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या."

"भाऊ, कप उघडून तर बघा."

"कप वॉरंटीत येत नाही."

वॉरंटीत येत नाही म्हणून उघडायचाच नाही? मी मशीन उचललं आणि परत आले. घरी नळीचं टोक बोटाने दाबून पाहिलं, हवा जोरात ढकलत होती, मोटरचा आवाजही लगेच बदलला. मेडिकलमधून साधा नवा कप आणला, त्याच नळीला लावला, दोन मिलीलीटर सलाईन टाकलं आणि धुकं खोलीभर. मोटरला काही झालेलं नव्हतं. दीड हजाराचं मशीन मोडीत निघणार होतं, तेही कप न उघडता. तुमचंही मशीन मंद झालं असेल तर ही परीक्षा आधी घरी करा, मग सेंटरला जा.

जुना कप टॉर्चखाली धरला तेव्हा भोकाभोवती पांढरं, खरखरीत कडं दिसलं. औषधाचा राप गुळगुळीत असतो, साबणाने निघतो. हा नखाला लागत होता आणि साबणाने हलत नव्हता. हा बोअरच्या पाण्याचा क्षार. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच. पुस्तिकेत 'नळाच्या कोमट पाण्याने धुवा' एवढंच लिहिलंय, जड पाण्याबद्दल एक ओळ नाही. खानदेशात बोअरचं पाणी वापरणारी घरं थोडीथोडकी नाहीत, त्यांच्यासाठी हे छापायलाच हवं होतं.

क्षार असा काढला: एक भाग पांढरं व्हिनेगर, तीन भाग पाणी, त्यात कप, टोपी आणि माऊथपीस अर्धा तास बुडवून ठेवले. कडं मऊ पडलं, दुसऱ्या वेळी पूर्ण निघालं. सुई किंवा टाचणी घालून भोक अजिबात कोरू नका. ते किंचित जरी मोठं झालं तरी थेंब मोठे पडतात, धुकं दिसतं पण औषध छातीत जात नाही. आणि ते डोळ्यांना कळतही नाही, म्हणून जास्त वाईट.

आता रोजचं असं चालतं. वाफ झाली की उरलेलं औषध फेकायचं, सगळे भाग सुटे करून कोमट पाण्याने धुवायचे, दिवसातून एकदा भांड्याच्या साबणाचा थेंब. शेवटची खळबळ उकळून गार केलेल्या पाण्याची. मग झटकून स्वच्छ कपड्यावर उघड्यावर सुकवायचे, पुसायचे नाहीत, धागे भोकात अडकतात. ओला कप झाकणाच्या डब्यात ठेवला की त्यात जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी तेच छातीत जातात. आधीच आजारी माणसाला हे परवडणारं नाही. एक दिवसाआड व्हिनेगर, त्यानंतर पुन्हा उकळलेल्या पाण्याने धुणं. कप उकळता येतो की नाही ते पुस्तिकेत बघा. मास्क आणि नळी उकळू नका, वाकडे होतात. नळी धुवायचीच नाही. आत ओल दिसली तर कप काढून मशीन मिनिटभर नुसतं चालवायचं.

फिल्टर हा कापसाच्या बोंडाएवढा स्पंजचा तुकडा. दिवाळीनंतर जिनिंग जोरात सुरू झाली की आमच्याकडे तो बघता बघता राखाडी होतो. धुऊन परत लावायचा नाही, बदलायचा. स्वस्त असतो.

उन्हाळ्याचं वेगळं. पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलंय आणि आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ सहज होतं. दुपारी मोटर तापून आपोआप बंद पडली की घाबरू नका, गार होऊ द्या. आम्ही पहाटे आणि दिवेलागणीनंतर लावतो, फरशीवर ठेवून. गादीवर ठेवलं तर खालच्या झरोक्यांतून हवा जात नाही.

आणि ती टोपी. माझा सगळा राग इथे आहे. करंगळीच्या पेराएवढं प्लास्टिक, कपात नुसतं बसवलेलं, ना आटा, ना खटका. धुताना निसटून मोरीच्या जाळीत जातं. ती नसेल तर औषध खळखळतं पण धुक्याचा कणही येत नाही. कंपनी ती सुटी विकत नाही. कस्टमर केअरला विचारलं तर 'पूर्ण किट घ्या': मास्क लहान, मास्क मोठा, नळी, कप, सगळं. घरात लहान मूल नाही, लहान मास्क काय करू? काही रुपयांच्या तुकड्यासाठी साडेतीनशे रुपये. आता मी भाग चहाच्या गाळणीत धरून धुते, टोपी सुटली तरी गाळणीत राहते. नव्या कपात टोपी झाकणालाच जोडलेली आहे, तो जास्त आवडला, किंमतही निम्मी.

गल्लीत मशीन मागायला येतात. मोटर खुशाल द्यावी, अडीअडचणीला उपयोगी पडते. कप, मास्क, नळी मात्र ज्याची त्याने आणायची. यावर मी वाईटपणा घेतला आहे आणि पुढेही घेईन.

दुधाळ औषधानंतर चूळ भरायची, मास्कने घेतलं तर तोंडही धुवायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. नाना आधी टाळायचे, आता स्वतःच तांब्या मागतात. स्वच्छ कपाने पहिली वाफ झाली तेव्हा म्हणाले, "आते बरं वाटी ऱ्हायनं."

मोटरला मी पूर्ण मार्क देते. कपाला नाही, सर्व्हिसला तर अजिबात नाही. दुकानात घ्यायला गेलात तर बॉक्स उघडायला लावा, टोपी सुटी आहे की जोडलेली ते बघा, आणि कप एकटा मिळतो का ते बिल करण्याआधी विचारा. 'किटच घ्यावं लागेल' म्हणाले तर शेजारचं दुकान बघा.