घरी बांधलेला मोठा रॉक टम्बलर: सहा-सात महिने चालवल्यानंतर

रॉक टम्बलर म्हणजे दगड, पाणी आणि ग्रिट (घासणारी कठीण भुकटी) घालून सतत फिरवत ठेवायचं पिंप; जाड ग्रिटपासून बारीककडे टप्प्याटप्प्याने जात दगड गोल आणि चकचकीत करायचे. निकाल आधीच सांगतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांना खालपर्यंत यायला नको. एका वेळी वीस-बावीस किलो दगड घेणाऱ्या मोठ्या पिंपाला पहिल्या, जाड घासणीसाठी तोड नाही. पण शेवटचं पॉलिशही त्याच पिंपात करायचं असा हट्ट धरलात, तर दगडही जातील आणि उत्साहही. मोठ्या टम्बलरच्या आराखड्यांमध्ये हे कोणी नीट सांगत नाही. सगळे पिंप किती मोठं, मोटर किती ताकदीची यातच रमलेले असतात.

आधी यंत्राची ओळख. पिंप म्हणजे ३१५ मिमी बाहेरच्या व्यासाच्या जाड पीव्हीसी पाइपाचा सव्वा फुटाच्या आसपास लांबीचा तुकडा. आतून ६ मिमी रबराचं अस्तर. अस्तर धरून आतला व्यास २८५ मिमी उरतो, म्हणजे जागा साधारण २२ लिटरची. खाली २५ मिमीचे दोन शाफ्ट, त्यांच्यावर घट्ट बसवलेला रबरी होज, चारही टोकांना यूसीपी २०५ बेअरिंगं (बैठकीसकट येणारी). दोन शाफ्टांमधलं अंतर २०० मिमी ठेवलंय. ते कमी केलं तर पिंप डगमगतं आणि फार वाढवलं तर रोलरांच्या बेचक्यात रुतून बसतं, मोटरवर विनाकारण ताण येतो. सांगाडा अँगलचा, मोटर पाव एचपीची, १४४० आरपीएम (मिनिटाला फेरे), साधी सिंगल फेज इंडक्शन. कपडे धुण्याच्या यंत्रातली ब्रशवाली मोटर वापरावी का, असं विचारणारे बरेच भेटतात. नका वापरू. टम्बलर दिवसरात्र आठवडाभर चालतो आणि ब्रशची मोटर त्या कामासाठी बनलेलीच नसते.

वेगाचा हिशोब कागदावर केल्याशिवाय पुली आणू नका. पिंप फार जोरात फिरलं तर दगड भिंतीलाच चिकटून गोल फिरत राहतात, घासणी शून्य. हा टोकाचा वेग काढायचं सूत्र सोपं आहे. आतला व्यास मीटरमध्ये घ्यायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ४२.३ ला त्याने भागायचं. माझ्या पिंपासाठी उत्तर येतं ७९ आरपीएम. दळणाच्या गिरण्यांसारखं त्याच्या ७० टक्क्यांवर चालवलं तर दगड उंचावरून आदळून फुटतात. आपल्याला दगड फोडायचे नाहीत, एकमेकांवरून घसरवायचे आहेत, म्हणून मी ३५ टक्क्यांच्या आसपास थांबलो. प्रत्यक्षात पिंप मिनिटाला २८-२९ फेरे घेतं.

हा वेग गाठण्यासाठी बहुतेक जण मोटरला २ इंची पुली आणि शाफ्टला १२ इंची पुली लावून मोकळे होतात. गणित बरोबर येतं, पट्ट्याचे मात्र हाल होतात. ए सेक्शनच्या व्ही-पट्ट्याला ७५ मिमीपेक्षा लहान पुलीवर वाकायला आवडत नाही. तो तापतो, आतून तडे जातात. मी मध्ये एक जादा शाफ्ट घातला. मोटरवर ७५ मिमीची पुली, मधल्या शाफ्टवर २२५ ची, म्हणजे ४८० आरपीएम. तिथून पुन्हा ७५ वरून १५० वर, म्हणजे रोलरला २४०. रोलर होजसकट ३८ मिमीचा आणि पिंप ३१५ चं, म्हणून २९. दोन बेअरिंगं आणि एक पट्टा वाढला, पण इतक्या महिन्यांत एकही पट्टा बदललेला नाही. शिवाय रोलरवरची १५० ची पुली काढून १९० ची लावली की पिंप २३ वर येतं, ते पुढच्या टप्प्यांना कामी येतं. पंख्याच्या रेग्युलेटरने वेग कमी करायचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो काढून टाका. अशा मोटरचा वेग त्याने धड कमी होत नाही, मोटर मात्र जळते.

आता झाकण. मोठ्या टम्बलरमधला सगळ्यात कटकटीचा भाग हाच. बाहेरून फ्लँज (झाकण आवळायची रुंद कडी) लावता येत नाही, कारण तो पिंपाच्या व्यासाबाहेर येतो आणि खालच्या शाफ्टला घासतो. आतून आरपार सळई टाकून दोन्ही टोकं आवळण्याची पद्धतही दिसते, पण ती सळई गाळात बुडून राहते आणि ग्रिट तिला खात सुटतं. मी तोंडापासून थोडं आत पीव्हीसीची कडी चिकटवली, तिच्यावर निओप्रीन रबराचा गॅस्केट (गळती रोखणारी चकती), त्यावर झाकणाची चकती. पाइपाच्या भिंतीत समोरासमोर दोन खाचा पाडून त्यांत लोखंडी पट्टी आडवी अडकवली आणि पट्टीच्या मधोमध असलेल्या बोल्टने झाकण आत दाबलं. पट्टीची टोकं भिंतीच्या बाहेर येणार नाहीत इतकीच लांब. गाळाच्या बाजूला धातूचा तुकडाही नाही. उघडायला एकच बोल्ट, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण पहिल्या टप्प्यात रोज एकदा तरी झाकण सैल करून आतला वायू सोडावा लागतो. सोडला नाही तर झाकण फुगतं आणि गॅस्केटच्या कडेने राखाडी पाणी ठिबकायला लागतं.

ठिबकणाऱ्या त्या पाण्याचा पहिला बळी झाकणाखालचं बेअरिंग असतं. सील असलं तरी बारीक ग्रिट आत शिरतंच. उपाय अगदी साधा निघाला: जुन्या रबराची एक चकती शाफ्टवर बेअरिंगच्या अलीकडे घट्ट बसवायची. शाफ्टवरून सरकत आलेला थेंब चकतीपर्यंत पोचला की तिच्या कडेवरून उडून खाली ट्रेमध्ये पडतो. हे केल्यापासून त्या बेअरिंगचा आवाज बंद आहे.

पिंप आपोआप एका बाजूला सरकत जातं, हेही लक्षात ठेवा. रोलर केसभर जरी तिरके असले तरी तासाभरात पिंप सांगाड्याला टेकतं आणि घासायला लागतं. समांतर करायचा प्रयत्न जरूर करा, पण भरवसा ठेवू नका. मी दोन्ही टोकांना एकेक छोटं बेअरिंग उभं बसवलंय. पिंप त्याला टेकतं आणि फिरत राहतं. किरकिर नाही, झीज नाही.

भरण्याबद्दल. दगड पिंपाच्या दोन तृतीयांशापर्यंत. त्याहून कमी भरले तर ते घसरत नाहीत, आपटतात. पाणी वरच्या थराच्या किंचित खाली. ग्रिट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, ६०/९० नंबरचं (नंबर जितका मोठा तितके कण बारीक), दगडांच्या वजनाच्या आठ-दहा टक्के. माझ्या पिंपाला दोन किलोच्या आसपास लागतं. दगड सारख्या मापाचे घेऊ नका. मुठीएवढे थोडे, सुपारीएवढे पुष्कळ आणि बोराएवढे मधल्या फटी भरायला. सगळेच मोठे असले की पोकळ्या राहतात आणि कडांचे टवके उडतात. आतून गुळगुळीत गोल पिंपात दगडांचा सगळा ढीग एकसंध मागेपुढे सरकतो, उलटत नाही, म्हणून अस्तरावर बोटभर उंचीच्या तीन रबरी पट्ट्या आडव्या चिकटवल्या आहेत. फरक कानाला कळतो. बरोबर भरलेलं पिंप, लाट मागे सरताना किनाऱ्यावरचे गोटे खळखळतात, तसं वाजतं. धप्प, धप्प असा आवाज यायला लागला की समजायचं, दगड कमी पडलेत किंवा गाळ पातळ झालाय.

कठीणपणा जुळवणं ही दुसरी गोष्ट. अकीक, जॅस्पर, गारगोटी हे मोहस् मापावर साडेसहा-सातच्या घरातले, ते एकत्र खुशाल नांदतात. त्यांच्यात कॅल्साइट टाकलंत, कठीणपणा ३, तर आठवड्याने त्याचा पत्ताही लागणार नाही. ग्रॅनाइट दिसायला सुंदर, पण त्यातला अभ्रक गारगोटीच्या आधी झिजतो आणि दगडावर बारीक खड्डे पडतात. कितीही पॉलिश केलं तरी अंगाला गुळगुळीत लागत नाही. मी ग्रॅनाइट घेणं सोडलंय. ऑब्सिडियन ही नैसर्गिक काच, तिला मोठ्या पिंपात घालणं म्हणजे तिचा चुरा करणं.

पहिला टप्पा मोठं पिंप ज्या जोमाने पार पाडतं ते बघण्यासारखं असतं. वरच्या वजनाने खालचे दगड दाबले जातात, घासणी वाढते. लहान यंत्राला जिथे महिनाभर लागायचा, तिथे इथे दोन आठवड्यांत दगडाचे कोपरे जातात. ग्रिट मात्र आठवड्याला बदलायला हवं. सिलिकॉन कार्बाइड मोहस् नऊच्या वरचं असलं तरी घासताना ते स्वतःही फुटत बारीक होत जातं, आठवड्याअखेर पिंपात ६०/९० उरलेलंच नसतं. दगडाचं वजनही चांगलं पाव हिश्श्याच्या आसपास घटतं, म्हणून पुन्हा भरताना राखून ठेवलेले दगड टाकून पातळी सावरायची. या टप्प्यातून दगड बाहेर काढताना प्रत्येक दगड सुकवून बघतो. ओला दगड नेहमीच गोंडस दिसतो; खळगे आणि चिरा सुकल्यावरच दिसतात. ज्याच्यात खळगा राहिला तो परत आत.

पुढे मोठं पिंप आडवं येतं. १२०/२२० ला ते अजून चालतं. ५०० ला आणि पॉलिशला नाही. जे वजन जाड घासणीला उपयोगी पडत होतं तेच इथे दगडांच्या कडांवर पांढुरके ठिपके उमटवतं. अकीक आणि गारगोटीवर ते लगेच दिसतात आणि पॉलिशने जात नाहीत. शिवाय पिंप मोठं म्हणजे धोकाही तेवढाच मोठा: जाड ग्रिटचा एक कण राहिला की वीस किलो दगडांवर ओरखडे.

म्हणून त्याच पाइपाचं निम्म्या लांबीचं दुसरं पिंप केलं. व्यास तोच ठेवला, हे मुद्दाम सांगतो. बारीक व्यासाचा पाइप घेतला असता तर त्याच रोलरवर तो दुप्पट वेगाने फिरला असता. १६० मिमीचं पिंप ५७ आरपीएमवर गेलं असतं आणि पॉलिशला हा वेग फार झाला. आखूड पिंप ५०० पासून पुढेच वापरायचं, त्यात जाड ग्रिट कधीच जाऊ द्यायचं नाही. दगड दहा किलोच्या आत, आणि पोकळी भरायला सिरॅमिकचे छोटे दंडगोल. पॉलिशला ॲल्युमिनियम ऑक्साइड, वेग २३. प्रत्येक टप्प्यामध्ये साबणाच्या पाण्यात काही तास फिरवून दगड, झाकण, गॅस्केटची खाच, सगळं ब्रशने धुतो. गॅस्केटची खाच विसरू नका, जाड ग्रिट दडून बसायची त्याची आवडती जागा तीच. या व्यवस्थेत निघालेल्या अकिकांमध्ये खिडकीच्या चौकटीचं प्रतिबिंब सरळ, न फाटता दिसतं. पॉलिश झालंय की नाही हे ओळखायला मी तेवढंच बघतो.

विजेचं म्हणाल तर मीटर लावून मोजली, दोनशे वॅटच्या आसपास भरते. म्हणजे दिवसाला पाचेक युनिट आणि आठवड्याला तेहतीस-चौतीस. महिनाभर सलग चालणाऱ्या छंदाला हा आकडा आधीच माहीत असलेला बरा. मोटरला ओव्हरलोड रिले (ताण वाढला की मोटर बंद करणारा) आणि लाइनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावल्याशिवाय पाण्याशेजारी हे यंत्र सुरू करू नका. यंत्र एक-दोन दिवस बंद राहिलं तर गाळ खाली बसून घट्ट होतो, सगळं वजन एका बाजूला जातं आणि सुरू करताना मोटर घुमते पण फिरत नाही. तेव्हा पिंप हाताने दोन-चार फेरे फिरवून मग बटण दाबायचं. पट्ट्यांवर जाळी हवीच.

गाळ मोरीत ओतायचा नाही. पाइपात बसला की दगड होतो. बादलीत स्थिरावू द्या, वरचं पाणी झाडांपासून दूर उघड्या जमिनीवर ओता, खालचा लगदा ओला असतानाच पिशवीत बांधून टाका. वाळू देऊ नका. वाळलेल्या गाळाची धूळ म्हणजे बारीक सिलिका, ती फुप्फुसात जाऊन बसते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. सांडलेला गाळ झाडूने नाही, ओल्या फडक्यानेच पुसायचा.

तक्रारी उरल्यात त्या दोन. रोलरवरचा होज गुळगुळीत होतो, मग ओलं पिंप त्यावर घसरतं. मी तो एकदा बदलला आणि पुन्हा बदलावा लागेल असं दिसतंय. मोटरच्या बाजूचा एकच रोलर चालवला जातो, त्याचाच होज झिजतो, तेव्हा दोन रोलरांची अदलाबदल केली तर काही महिने पुढे ढकलता येतं. दुसरी तक्रार वजनाची. दगड, पाणी, ग्रिट आणि पिंप मिळून चाळीस किलोच्या आसपास जातं आणि ते जमिनीजवळून वाकून उचलावं लागतं. सांगाडा कमरेच्या उंचीचा करून एका बाजूला बिजागरीची फळी लावायची, म्हणजे पिंप लोळवत फळीवर आणून तिथेच बादलीत ओतता येईल, असं ठरवलंय. अँगल कापून ठेवलेत, वेल्डिंग बाकी आहे. तोवर पिंप उतरवायला दुसरं माणूस बोलवावं लागतं.